पाणबुडीतली माणसं वर येतात

काल रात्री साडेअकराला सिडकोतून ताईचा फोन आला. भाचा पाणबुडीवर आहे, आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा एक मेसेज वाचून तिची झोप उडाली होती. पाणबुडी बचाव जहाज म्हणजे पैशांचा चुराडा, पाणबुडी बुडाली की कुणीही वाचत नाही, ही जहाजं जन्मभर धक्क्याला उभी असतात आणि पंचवीस वर्षांत भंगारात जातात, असं त्यात लिहिलंय. आज दुपारपर्यंत तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपवर दिसला.

कुणीही वाचत नाही? साफ खोटं. 23 मे 1939 ला अमेरिकेची स्क्वालस ही पाणबुडी सरावात बुडाली. आत 59 जण. मागच्या भागात पाणी शिरून 26 गेले. बाकीचे सुमारे 73 मीटर खोल, थंडीत, अंधारात अडकले. फाल्कन हे बचाव जहाज वर येऊन उभं राहिलं. एक पाणबुड्या खाली उतरला, त्याने पाणबुडीला तारदोर जोडला आणि त्या दोरावरून घंटेसारखी पोलादी खोली खाली जाऊन बरोबर झाकणावर बसली. चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत दोर अडकला, कित्येक तास गेले, तरी 33 च्या 33 जिवंत वर आले. अमेरिकी नौदलाच्या अधिकृत इतिहासात हे सगळं आहे. आणि ते फाल्कन 1918 सालचं, मुळात सुरुंग काढायला बांधलेलं जहाज होतं!

दर वेळी यश येतं असं नाही, हे मान्य. 2021 मध्ये इंडोनेशियाची नंगाला 800 मीटरच्याही खाली गेली, 53 जण गेले. एवढ्या खोलीवर पाण्याचा दाबच पाणबुडी चिरडतो. पण 2000 साली बुडालेली रशियाची कुर्स्क अवघ्या 108 मीटरवर होती. स्फोटानंतरही 23 जण मागच्या कप्प्यात जिवंत होते आणि मदत वेळेत पोचली नाही. यावरून बचाव जहाज नको असं ठरतं, की जास्त चांगलं हवं असं?

पंचवीस वर्षांचं म्हणाल, तर तसा काही कायदा नाही. रशियाचं कोमुना हे बचाव जहाज 1915 पासून सेवेत आहे. आपल्या ओझरला विमानं ओव्हरहॉलला येतात आणि पुन्हा उडतात, हे नाशिककरांना मी सांगायला नको. जहाजाचंही तसंच, देखभालीवर असतं.

धक्क्याला उभी असतात म्हणे. 1971 मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीपर्यंत उतरलेले पाणबुडे आपल्या नौदलाच्या जुन्या निस्तार या बचाव जहाजावरचेच होते.

राग काढायचाच असेल तर एका गोष्टीवर काढा. ते निस्तार 1989 ला निवृत्त झालं आणि याच कामासाठी बांधलेलं नवं निस्तार विशाखापट्टणमला दाखल व्हायला 18 जुलै 2025 उजाडला. मधली वर्षं निरीक्षक या डायव्हिंगच्या जहाजावर भागवली. नव्या निस्तारवरची बचाव पाणबुडी 650 मीटरपर्यंत जाऊ शकते. हे मी रात्री ताईला दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे तिने फोन ठेवला.

ज्यांनी मेसेज टाकला त्यांनी तो आजच काढावा. त्या ग्रुपमध्ये ताईसारख्या आणखीही आया असतील.