खुलासा : ‘सडपातळ मुलांना कोलेस्टेरॉलची भीती नाही’ हे खरं नाही

‘मूल बारीक आहे, धावतं-खेळतं, मग कोलेस्टेरॉल कशाला तपासायचं?’ असा सल्ला देणारा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि काही घरांसाठी धोक्याचाही.

कोलेस्टेरॉल फक्त खाण्यातून वाढत नाही. रक्तातलं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याचं काम यकृत करतं. आनुवंशिक दोषामुळे हे काम मंदावलं, की एलडीएल जन्मापासूनच जास्त राहतं. साधारण 250 पैकी एका व्यक्तीत हा दोष असतो. आई किंवा वडील, एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता 50 टक्के. मूल वरून अगदी ठणठणीत दिसतं. रक्त तपासल्याशिवाय कळतच नाही.

मुलांमध्ये एलडीएल 130 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर ते वाढलेलं मानतात. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. आहार आणि व्यायाम हवाच, पण आनुवंशिक प्रकारात तेवढ्यावर बहुधा भागत नाही. साधारण 8 ते 10 वर्षांपासून डॉक्टर स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध सुरू करू शकतात. दोन वर्षांखालच्या बाळाचं दूध-तूप मात्र स्वतःच्या मनाने तोडू नका, वाढत्या मेंदूला स्निग्ध पदार्थ लागतात.