भट्टीत वाळवलेले लाकूड ‘हलत नाही’ हा समज

फर्निचर करू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: लाकूड भट्टीत वाळवलेले घ्यावे, त्यावर सर्व बाजूंनी पॉलिश चढवावे आणि सांधे गोंद व स्क्रूने घट्ट आवळावेत, म्हणजे ते दमट हवेत फुगणार नाही की कोरड्या हवेत आकसणार नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी अवश्य कराव्यात. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

भट्टी लाकडातील पाणी काढते, पाणी शोषण्याचा त्याचा गुण काढत नाही. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर जाऊन तशीच टिकली, तर लाकडातील पाण्याचे प्रमाण, त्याच्या कोरड्या वजनाच्या हिशेबाने, सुमारे ८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर जाते. मग ते भट्टीतून आलेले असो वा मोकळ्या हवेत वाळलेले. सागवान तर त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरीही सपाट चिरलेल्या (म्हणजे वाढीची वलये फळीच्या रुंद बाजूला साधारण समांतर राहतील अशा कापलेल्या) फळ्या जोडून केलेला ९०० मिलिमीटर रुंदीचा टेबलाचा माथा एवढ्या फरकाने सुमारे ९ मिलिमीटर रुंदावतो. लांबीत मात्र त्याला जवळजवळ काहीच होत नाही, आणि सगळी अडचण याच असमानतेतून उद्भवते.

पॉलिशबद्दल थोडक्यात: कोणताही थर बाष्पाची ये-जा मंदावतो, थांबवत नाही. सर्व बाजूंना तो देण्याचा आग्रह रास्तच आहे, कारण एकाच बाजूला थर असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या गतीने पाणी घेतात आणि फळी वाकते.

खरे नुकसान तिसऱ्या सूचनेने होते. माथ्याखाली आडवी पट्टी गोंदाने चिकटवून आवळली, तर पट्टी आपल्या लांबीत तशीच राहते आणि वरच्या फळ्या रुंदीत आकसू पाहतात. गोंद चांगला असेल तर तो सुटत नाही, लाकूडच फाटते. म्हणून पट्टीला गोंद न लावता मधला एकच स्क्रू घट्ट ठेवावा आणि बाकीच्यांची भोके माथ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट करावीत. दाराच्या चौकटीतील फळीही खाचेत गोंदाविना, दोन्ही कडांना जागा सोडून बसवावी. ती बसवण्यापूर्वीच कडांपर्यंत पॉलिश करून घ्यावी, नाहीतर कोरड्या दिवसांत ती आकसते आणि खाचेबाहेर आलेली कोऱ्या लाकडाची रेघ लांबूनही दिसते.