टीना टर्नर यांची उसनी गाणी
अमेरिकन गायिका टीना टर्नर यांच्यावरील लेखात त्यांच्या १९८४ मधील पुनरागमनाचे सारे श्रेय ‘प्रायव्हेट डान्सर’ या अल्बमला दिले आहे. मात्र ती वाट आदल्याच वर्षी, गायक अल ग्रीन यांचे ‘लेट्स स्टे टुगेदर’ हे जुने गाणे टर्नर यांनी नव्याने गायले, त्याने मोकळी करून दिली होती, याचा उल्लेख हवा होता. मूळ गाण्यातले मऊ आर्जव टर्नर यांच्या खरखरीत आवाजात जवळजवळ हक्काचे मागणे होऊन जाते. १९७१ च्या ‘प्राउड मेरी’त तर त्यांनी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या रॉक बँडच्या सरळ लयीतल्या गाण्याची आधी संथ, बोलत-बोलत मांडणी केली आणि मग ते असे काही उधळले, की अनेकांना आजही ते मूळ त्यांचेच वाटते. मला स्वतःला त्यातला संथ भागच अधिक भावतो (नाचणाऱ्यांनी क्षमा करावी), कारण आवाजावरची खरी हुकमत तिथेच कळते.