हसले म्हणून कुणी वेगेनर होत नाही

सध्या फिरत असलेला मेसेज थोडक्यात असा: आल्फ्रेड वेगेनर हा जर्मनीच्या हवामान खात्यातला साधा कारकून. नकाशा बघता बघता त्याला कळलं की खंड सरकतात. पन्नास वर्षं झाडून सगळे शास्त्रज्ञ त्याला हसले, नोबेल समितीने त्याला हाकललं, अपमान सहन न होऊन तो ग्रीनलंडच्या बर्फात निघून गेला आणि तिथेच मेला. आज त्याचा शब्द न् शब्द खरा ठरलाय. म्हणून आज शास्त्रज्ञ ज्यांना हसतात त्या अमुक भूकंपतज्ज्ञ गुरुजींचं ऐका: येत्या अमावास्येच्या आगेमागे लातूर-धाराशिव पट्ट्यात मोठा हादरा बसणार.

हे कुणीतरी उमरग्याकडे राहणाऱ्या माझ्या आत्याला पाठवलं. तिने ९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलाय. संधिवाताने गुडघे धरलेली ती बाई आता भर थंडीत अंगणात खाट टाकून झोपते. त्यामुळे शेवटचा मुद्दा आधी घेते, बाकीचे सवडीने.

वेगेनरला हसले, तो बरोबर निघाला. गुरुजींना हसतात, म्हणून गुरुजी बरोबर. हा काय तर्क झाला? ज्यांना लोक हसले आणि जे चुकीचेच होते अशांची यादी केली तर फोनची मेमरी भरेल. वेगेनरचं आज नाव घेतात ते त्याने समोर काय ठेवलं त्यामुळे. ६ जानेवारी १९१२ ला फ्रँकफुर्टमध्ये त्याने ही कल्पना मांडली, १९१५ मध्ये पुस्तक काढलं. ग्लॉसोप्टेरिस ही वनस्पती भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा सगळीकडच्या खडकांत सापडते, ती समुद्र ओलांडून गेली कशी? गोड्या पाण्यातला मेसोसॉरस हा प्राचीन सरपटणारा प्राणी ब्राझीलमध्येही आणि दक्षिण आफ्रिकेतही कसा? आणि आज जिथे घाम निथळतो तिथे हिमनदीच्या खुणा कशा? यातली शेवटची खूण बघायला जर्मनीला जायला नको. आपल्या चंद्रपूरकडे पैनगंगेच्या काठी इरईजवळ हिमनद्यांनी ओरखडलेला चुनखडक आहे. ती नोंद वेगेनरच्याही आधीची, एकोणिसाव्या शतकातली. कुणीही जावं आणि तपासावं, असा हा पुरावा होता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच पुस्तकाची १९२९ ची चौथी आवृत्ती. दर आवृत्तीत तो जुनं खोडत, नवं घालत आला होता. या शेवटच्या आवृत्तीत खंड कशाच्या बळावर सरकतात यावर लिहिताना तो सरळ कबूल करतो की या सिद्धांताचा न्यूटन अजून यायचाय. स्वतःच्या सिद्धांतातलं सगळ्यात मोठं भोक त्याने स्वतःच दाखवलं. गुरुजींच्या व्हिडिओत असं एक तरी वाक्य दाखवा.

गुरुजींचं भाकीत काय? ‘अमावास्येच्या आगेमागे’, म्हणजे कुठला दिवस? ‘मोठा हादरा’, म्हणजे किती रिश्टर? अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, स्वच्छ सांगते की भाकिताला तारीख-वेळ, ठिकाण आणि तीव्रता या तीनही गोष्टी लागतात, आणि आजवर कुठल्याही शास्त्रज्ञाने एकाही मोठ्या भूकंपाचं असं भाकीत केलेलं नाही. अमुक भागात अमुक वर्षांत भूकंप होण्याची शक्यता किती, एवढंच काढता येतं. कोयनेच्या परिसरात १९६७ नंतर लहान धक्के चालूच आहेत. त्यातला एखादा अमावास्येच्या आठवड्यात आला की गुरुजी ‘बघा, सांगितलं होतं’ म्हणायला मोकळे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत धक्का बसला तो सहाच्या थोडा वरचा. तेवढ्याने हजारो माणसं गेली ती मुख्यतः घरांमुळे: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, आणि वर मातीचं वजनदार माळवद. पाठवायचंच असेल तर हे पाठवा, की जुन्या भिंतीला आरपार दगड घालून, खिडकीच्या वर काँक्रीटचा पट्टा फिरवून ती मजबूत करता येते. पण ते फॉरवर्ड होत नाही, कारण त्यात अमावास्या नाही.

आता ‘शब्द न् शब्द खरा’. अजिबात नाही. ग्रीनलंड युरोपपासून वर्षाला तीस मीटरहून जास्त वेगाने दूर जातंय, असं त्याने तेव्हाच्या मोजमापांवरून धरलं होतं. खरा वेग दोनेक सेंटीमीटर. ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे ओढणारं बल आणि भरती-ओहोटीचा जोर खंडांना ढकलतो, हे त्याचं उत्तर केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीजने गणिताने मोडलं, आणि तिथे जेफ्रीज बरोबर होता. खंड समुद्रतळ फाडत पुढे जातात हेही चुकीचं. समुद्रतळच सरकतो. मेरी थार्पने अटलांटिकच्या मधल्या डोंगररांगेत दरी ओळखली, हॅरी हेसने १९६२ मध्ये तळ पसरतो असं मांडलं, १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याला समुद्रतळाच्या खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांचा आधार दिला, तोही आपल्याच हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग या पाण्याखालच्या डोंगररांगेवरच्या नोंदींतून. भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांचा, आजचा सिद्धांत १९६७-६८ च्या सुमारास मॉर्गन, मॅकेन्झी, ल पिशों यांनी उभा केला. मेसेजवाल्याला एकच नायक हवा होता, म्हणून बाकीचे गायब.

हसले, हे मात्र मान्य करावं लागतं. १९२६ च्या न्यूयॉर्कच्या परिसंवादात त्याच्या कल्पनेवर भरपूर तोंडसुख घेतलं गेलं, आणि टीका करणाऱ्यांचा सूरही काही फार सभ्य नव्हता. पण ‘झाडून सगळे’ नाही. दक्षिण आफ्रिकेचा द्यू ट्वा आणि इंग्लंडचा आर्थर होम्स त्याच्या बाजूने होते. होम्सने तर पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेच्या प्रवाहांचं कारणही सुचवलं होतं. आणि ज्याला वाळीत टाकलं म्हणता त्याला १९२४ मध्ये ग्राझ विद्यापीठाने हवामानशास्त्र आणि भूभौतिकीचा प्राध्यापक नेमलं.

कारकून वगैरे सोडून द्या. खगोलशास्त्रातली डॉक्टरेट १९०५ ची, १९०६ मध्ये भावाबरोबर बलूनमधून सलग बावन्न तासांहून जास्त उड्डाण, १९११ मध्ये वातावरणाच्या ऊष्मागतिकीवर पाठ्यपुस्तक.

ग्रीनलंडला तो रुसून गेला नव्हता. ती त्याची चौथी मोहीम आणि तो तिचा प्रमुख. हिमचादरीच्या मध्यावरच्या आइसमिट्टे ठाण्यावर सहकारी हिवाळा काढणार होते, त्यांच्यासाठी रसद घेऊन तो निघाला. वाटेत बहुतेक सोबती परतले. पोचला, आणि १ नोव्हेंबर १९३० ला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, रास्मुस व्हिलुमसेन या ग्रीनलंडच्या तरुणासोबत किनाऱ्याकडे परत निघाला. वाटेत गेला. व्हिलुमसेनने त्याला नीट पुरलं होतं, म्हणून मे १९३१ मध्ये मृतदेह सापडला. व्हिलुमसेन स्वतः कधीच सापडला नाही, आणि मेसेजमध्ये त्याच्या नावाचा पत्ता नाही.

राहता राहिलं नोबेल. भूगर्भशास्त्राला नोबेल असतंच कुठे?