मारुती झेनचं 49,300 चं बिल, उशीर आणि रनिंग बोर्डचा पत्रा: ताईंच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी गॅरेज उघडल्यावर पोरांना एकत्र बसवून मोठ्यानं वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय की आम्ही 28,500 चा अंदाज सांगून 49,300 चं बिल हातात ठेवलं. 12 दिवसांत देतो म्हणालो ती गाडी 31 दिवसांनी दिली. तुम्ही मुळात बॉनेट आणि बंपरच्या रंगासाठी आला होता, तो रंग झालाच नाही. एसी तीन आठवड्यांत परत गरम हवा मारायला लागला. तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकचं म्हणणं, की रनिंग बोर्ड, म्हणजे दाराखालचा पत्रा, कापायची गरजच नव्हती, खालून 3,000 रुपयांचं कोटिंग मारलं असतं तरी भागलं असतं. आणि शेवटचं वाक्य, "जुन्या गाडीच्या नादाला लागू नका, गॅरेजवाले लुटतात."

आमचं जे चुकलं ते आधी सांगतो.

रनिंग बोर्डसाठी तुम्हाला पहिल्याच दिवशी फोन केला होता आणि तुम्ही होकार दिला होता. हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) आणि ब्रेकचं काम मात्र तुम्हाला न विचारता केलं. गाडी उघडलेली होती, काम निकडीचं होतं, तुम्ही नाही म्हणणार नाही असं मी गृहीत धरलं. पैसे तुमचे, गाडी तुमची, तेव्हा निर्णयही तुमचाच हवा होता. त्या दोन्ही कामांची मजुरी, हेडची 3,800 आणि ब्रेकची 1,200, मिळून 5,000 रुपये तुम्हाला परत देतो. सामानाची बिलं आहेत तशी दाखवतो. उशिराबद्दलही माफी मागतो. पत्र्याचं काम करणारे आमचे मिस्त्री मधेच आठवडाभर गावी गेले, नंतर रेडिएटर दुरुस्तीत अडकला, आणि दर चार दिवसांनी तुम्हीच फोन करत राहिलात. फोन आमच्याकडून यायला हवा होता. आजपासून नियम केलाय: अंदाजाबाहेर 1,000 रुपयांचंही काम निघालं तर फोटो आणि रक्कम व्हॉट्सॲपवर जाणार, ग्राहकाचं "करा" आल्याशिवाय पान्हा लागणार नाही.

एसीचीही चूक आमचीच. गॅस कमी होता म्हणून आम्ही नुसता भरला. गॅस आपोआप संपत नसतो, तो कुठून तरी गळतोच. आधी नायट्रोजन भरून, प्रेशर धरून, सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती शोधायला हवी होती. ते आता करतो, तपासणी आणि गॅस आमच्या खर्चानं. कंडेन्सर किंवा कूलिंग कॉइलच फुटली असेल तर त्या भागाची किंमत आधी कळवू, मग तुम्ही ठरवा.

रनिंग बोर्डबद्दल मात्र मी माझ्या शब्दावर ठाम आहे, आणि ते का हे सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, कारण अशी गाडी माझ्याकडे आठवड्याला एक तरी येते.

तुमची झेन 2005 ची, रत्नागिरीकडे वापरलेली. वरून चकाचक, खालून ताजं काळं डांबरी कोटिंग. लिफ्टवर घेतली तेव्हा डाव्या जॅक पॉइंटजवळचा भाग जरा जास्तच गुळगुळीत दिसला. चुंबक लावला, तो चिकटेना. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवून दाबलं तर मुठीपर्यंत आत गेलं. काढलं तेव्हा त्याबरोबर ओला लगदा बाहेर आला, वर्तमानपत्राचा. आत कागद कोंबलेला, त्यावर लांबी (पुट्टी), त्यावर रंग आणि कोटिंग. हे काम कुणी आणि कधी केलं मला माहीत नाही, पण तुम्हाला गाडी विकणाऱ्यानं ते दाखवलं नाही एवढं नक्की.

रनिंग बोर्ड ही दिसायला दाराखालची पट्टी, पण आतून पोकळ पेटी असते आणि गाडीचा सांगाडा तिच्यावर उभा असतो. सीटबेल्टचा खालचा बोल्टही तिथूनच जवळ. पेटीतलं पाणी निघून जायला खाली बारीक भोकं असतात. ती चिखलानं बुजली की पावसाळाभर पाणी आत साचतं आणि पत्रा आतून बाहेर असा सडतो. कोकणातली खारी हवा त्यात भर घालते. अशा पत्र्यावर कोटिंग मारलं की गंज थांबत नाही, उलट ओल आत कोंडली जाते आणि सडणं वाढतं. वर्षभर दिसत नाही, एवढंच. तुमच्या झेनला एअरबॅग नाही, एबीएस नाही. कागलपर्यंत रोज येऊन-जाऊन 40 किलोमीटर तुम्ही हायवेवर ट्रकांच्या बाजूनं चालवता. त्या गाडीत तुम्हाला वाचवणारं जे काही आहे ते म्हणजे पत्रा, पट्टा आणि ब्रेक. म्हणून सडका भाग कापला, नवीन पत्रा वेल्डिंग केला, रेड ऑक्साइड मारलं, सांधे सीलंटनं भरले, भोकं मोकळी केली. दोन्ही बाजूंचे 9,500 झाले. बॉनेट-बंपरचा रंग थांबवून त्याचे 6,000 आम्ही बिलातून वजा केले. पुन्हा अशीच गाडी आली तर पुन्हा हेच करीन. तुम्हाला रंग का थांबवला हे नीट समजावून सांगितलं नाही, तेवढं माझं चुकलं.

आता हेड गॅस्केट. अंदाजात धरलेला क्लच बसवून झाल्यावर मी स्वतः गाडी पन्हाळ्याच्या चढाला नेली. अर्ध्या चढावर टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. परत येऊन, गाडी गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं आणि चालू केली, तर पाण्यातून एकसारखे बुडबुडे येत होते. सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय याची ती खूण. पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं, कूलंटचा थेंब नाही, आणि थर्मोस्टॅट (इंजिनच्या तापमानाप्रमाणे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) कुणीतरी काढूनच टाकलेला. झेनचं 993 सीसीचं इंजिन अख्खं ॲल्युमिनियमचं आहे. फार सुंदर, हलकं इंजिन, मी त्यावरच काम शिकलो. पण ॲल्युमिनियमला नळाचं पाणी चालत नाही. ते आतून खातं, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, इंजिन तापतं आणि हेड वाकतं. तुमचं हेड उद्यमनगरात नेऊन फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं. रेडिएटर, थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट धरून 11,200.

ब्रेकचे 4,600. मागचं एक व्हील सिलेंडर झिरपत होतं, लोखंडी पाइपला गंज होता आणि ब्रेक ऑइल काळं पडलेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 चं नवं ऑइल 205 अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं 140 च्या आसपास. महिन्यातून एकदा तुम्ही आंबा घाटानं खाली उतरता. उतारावर सारखा ब्रेक दाबल्यावर ऑइल उकळून त्यात वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी कितीही कमी चालो. उरलेले 1,500 पेट्रोलच्या रबरी पाइपांचे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि 20 वर्षांपूर्वीचं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नव्हतं. तुम्हाला गाडीत पेट्रोलचा वास यायचा तो तिथूनच.

तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. जुनी गाडी घेऊ नका, हे मला पटत नाही. रोजच्या 40 किलोमीटरला हप्ता न भरता चालणारी, आपल्या कमाईची गाडी ही चांगली गोष्ट आहे, आणि झेनसारख्या गाडीचं इंजिनाचं, ब्रेकचं, क्लचचं सामान अजून मिळतं. बंपर, काचेचं रबर, आतलं प्लास्टिक यासाठी मात्र जुन्या बाजारात फिरावं लागतं. घेताना नेमकं काय बघायचं तेवढं चुकतं. लोक रंग बघतात, म्युझिक सिस्टिम लावून बघतात, किलोमीटरचा आकडा बघतात. मी आधी खाली बघतो. खराब इंजिनाचं काम करता येतं, वेळ पडली तर दुसरं बसवता येतं. सांगाड्याचा पत्रा सगळीकडून गेला असेल तर ती गाडी सोडून द्यावी, कितीही स्वस्त मिळो.

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर का ते विचारा. गार इंजिनचं ऑइलचं झाकण उघडा, आत दुधाळ साय असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय पैसे देऊ नका. पायाखालची मॅट उचला, खालचा गालिचा अंगठ्यानं दाबा, कुबट वास येतो का बघा. फडक्यात गुंडाळलेला छोटा चुंबक रनिंग बोर्डवरून, चाकाच्या कमानीवरून फिरवा, जिथं सुटतो तिथं लांबी आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 3218 म्हणजे 2018 चा 32 वा आठवडा. आणि कागद: 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी आरटीओचं पासिंग लागतं, कारची त्याची फी एप्रिल 2022 मध्ये 600 ची 5,000 झाली आणि 20 वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 झाली. आरसी कुठपर्यंत आहे आणि चासी नंबर नीट वाचता येतो का, तेही बघा. गंजानं तो नंबर खाल्ला असेल तर पासिंगला हेलपाटे ठरलेले.

ताई, यावरून आठवलं. तुमच्या पुढच्या दोन्ही टायरवर 1416 आहे. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून तुम्ही थांबलात, पण बाजूला बारीक भेगा पडल्यात, मी फोटो पाठवला होता. हाताशी पैसे आले की रंगाच्या आधी ते टायर बदला, माझ्याकडे नाही तर कुठेही. तोवर हायवेला 60 च्या पुढे जाऊ नका.

शनिवारी सकाळी 10 वाजता गाडी आणली तर एसीची गळती त्याच दिवशी शोधून संध्याकाळी परत देतो. 5,000 रुपये तेव्हाच हातात देईन. तुमचं काढलेलं सगळं सामान पोत्यात बांधून, वर जॉब कार्डचा नंबर टाकून ठेवलंय, कापलेल्या रनिंग बोर्डसकट. तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकनाही बरोबर आणा. त्यांनी तो पत्रा हातात घेऊन बघावा, मग एसीला हात लावू.