मालकाचं उत्तर: लायब्ररी आम्ही दडवलेली नाही

नमस्कार सर. आम्ही बनवून दिलेल्या प्लगइनचा (सर्व्हरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचा) सोर्स कोड तुमच्याकडे कंपाइल झाला नाही, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार झाला नाही, त्यात तुमचा रविवार गेला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण ‘कोडला लागणारी एक लायब्ररी (तयार कोडचा संच) मुद्दाम काढून ठेवतात, म्हणजे पुन्हा पैसे मागता येतात, ही फसवणूक आहे’ असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. आम्हाला कामं येतात ती हे रिव्ह्यू वाचूनच. म्हणून इथेच सविस्तर सांगतो.

तुमच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवरचे दुकानदार (गेममधली पात्रं) ठरलेल्या वाटेनेच फिरावेत, ही मागणी तुमची. ते नुसत्या स्पिगॉट एपीआयवर (स्पिगॉट या सर्व्हर सॉफ्टवेअरने प्लगइनसाठी उघडे ठेवलेले आदेश) भागत नाही, सर्व्हरच्या आतल्या क्लासेसना (कोडच्या भागांना) हात घालावा लागतो. एपीआय मेव्हन (कोडपासून प्लगइन बांधणारं साधन) स्वतः उतरवून घेतं. आतला सर्व्हर, म्हणजे तुम्ही म्हणता ती लायब्ररी, मात्र स्पिगॉटच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवलेला नसतो, कारण त्यात माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगचा कोड आहे. २०१४ च्या कॉपीराइट वादापासून ज्याने त्याने स्पिगॉटचं बिल्डटूल्स हे साधन चालवून तो आपापल्या मशीनवर बनवायचा, अशीच पद्धत आहे. आम्ही तो जार (तयार प्रोग्रॅमची फाइल) झिपमध्ये घालून दिला असता, तर ते गैर ठरलं असतं.

पोम फाइलमध्ये, म्हणजे मेव्हनसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, त्या लायब्ररीपुढे ‘प्रोव्हायडेड’ लिहिलंय. म्हणजे कंपाइल करताना ती हवी, पण प्लगइनमध्ये भरायची नाही. चालताना सर्व्हर ती पुरवतो. यात लपवाछपवी कुठे आली?

आता तुमचा स्क्रीनशॉट. पोममध्ये माइनक्राफ्टची आवृत्ती १.२०.४ आहे. तुम्ही बिल्डटूल्स चालवलंत, पण आवृत्ती न सांगता. अशा वेळी ते सगळ्यात नवी बनवतं. मेव्हन जिथे लायब्ररी शोधतं त्या ‘.एम२’ फोल्डरमध्ये ती नवी जाऊन बसली आणि मेव्हन बिचारं १.२०.४ शोधत राहिलं. ‘रेव्ह १.२०.४’ (कुठली आवृत्ती हवी) आणि ‘रीमॅप्ड’ (आतल्या क्लासेसची वाचता येतील अशी मूळ नावं) हे दोन्ही पर्याय बिल्डटूल्सला द्यायचे, हेच मी रात्री साडेअकराला फोनवर सांगत होतो. तुम्ही मध्येच फोन ठेवलात आणि सकाळी बघतो तर एक स्टार. प्लगइनचा तयार जार तर तुमच्या सर्व्हरवर आजही चालू आहे, त्याबद्दल मात्र रिव्ह्यूमध्ये एक शब्द नाही.

सोबतच्या सूचना यापुढे आणखी सोप्या करू, काम चालू आहे. तुम्ही सवडीची वेळ कळवा, स्क्रीन शेअर करून बिल्ड होईपर्यंत सोबत बसतो, पैसे लागणार नाहीत. स्टार कितीही द्या सर, तो तुमचा हक्क आहे. ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.