केबल डिझेलने पुसा, दोर ॲसिडमध्ये बुडवा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

तापीकाठी सध्या एक मेसेज फिरतोय, होडीचे दोर आणि नदीवरच्या मोटारीची केबल नव्यासारखी करायची रीत म्हणून. केबल डिझेलने नाहीतर थिनरने पुसा, दोर ब्लीचिंग पावडर आणि ठिबकच्या ॲसिडमध्ये रात्रभर बुडवा, मग प्रेशर मारा, कडक उन्हात वाळवा, आणि हे सगळं लाईट नसताना करा म्हणजे शॉकची भीती नाही. भाऊ, यातलं एकच बरोबर आहे, दोर धुवायला पाहिजे. बाकीचं वाचून मला खरंच काळजी वाटली, म्हणून लिहितोय.

आधी डिझेल-थिनर. केबलचं वरचं आवरण पीव्हीसीचं असतं नाहीतर रबराचं. पीव्हीसी मूळचं कडक, त्यात प्लास्टिसायझर मिसळतात म्हणून ती केबल वाकते, आणि थिनर नेमकं तेच ओढून घेतं. पुसल्यावर चकाकते खरी, पण पुढे कडक पडते आणि वाकवली की तडकते. साधं रबर डिझेलने फुगतं. आणि ही तडकलेली केबल पुन्हा नदीत, थ्री फेजचे 415 व्होल्ट घेऊन, जिथे म्हशी बसतात, पोरं पोहतात, मासेमारीवाले कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात! केबलला कोमट पाणी, थोडं भांड्याचं लिक्विड आणि जुना कपडा एवढं पुरतं, शेवाळ घट्ट असेल तर मऊ ब्रश. प्लग आणि जोड मात्र पाण्यात बुडवू नका, कोरड्या कपड्याने पुसा. पिन काळी पडलेली किंवा प्लग वितळल्यासारखा दिसला तर घासत बसू नका, तिथे कनेक्शन ढिलं होऊन तापलेलं असतं, बदलूनच टाका.

आता ॲसिड. आपल्याकडे केळीवाल्याच्या घरी ठिबक साफ करायचं ॲसिड असतंच, बहुतेक हायड्रोक्लोरिक, म्हणून हा सल्ला सोपा वाटतो. पण ते ब्लीचिंग पावडरमध्ये पडलं की क्लोरीन वायू निघतो, तो थेट फुफ्फुसावर जातो, आणि बंद खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये माणसाचा जीव जाऊ शकतो. दोर गेला खड्ड्यात, हे दोन्ही एका टपात कधीच टाकू नका.

दोराचं बोलायचं तर खऱ्या नायलॉनला ॲसिडही चालत नाही आणि क्लोरीनही, धागा आतून कमजोर होतो आणि वरून दिसत नाही. बाजारात मात्र नायलॉन म्हणून मिळणारा कितीतरी दोर पॉलीप्रॉपिलीनचा असतो. छोटा तुकडा पाण्यात दाबून हवा काढा, तरंगला तर नायलॉन नाही, बहुतेक पॉलीप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. पॉलीप्रॉपिलीन ॲसिडला बऱ्यापैकी टिकतं, म्हणून कुणाला तरी फरक पडला नसेल आणि त्याने सगळ्यांना सांगून टाकलं असेल.

प्रेशर वॉशरचं म्हणाल तर पुराच्या पाण्यात दोरात बारीक गाळ शिरतो, ताण आला की तो धाग्यावर धागा घासून आतून कापत राहतो. जवळून मारलेला प्रेशर तो गाळ आणखी आत ढकलतो आणि वरचे धागे उसवतो ते वेगळंच. टपात साबणपाणी करून दोर भिजत ठेवा, हाताने चोळा, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत बदलत रहा. वाळून काठीसारखा झालेला दोर असेल तर शेवटच्या पाण्यात कपड्यांचं सॉफ्टनर थोडंसं टाका, मऊ पडतो.

उन्हाचं थोडक्यात. जळगाव-भुसावळचं मे महिन्याचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं, पॉलीप्रॉपिलीनला उन्हाचीच सगळ्यात जास्त बाधा, दोराचा भुगा पडायला लागतो तो त्यानेच. सावलीत, वाऱ्यावर टांगा.

राहिलं लाईट नसताना करा हे, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. आपल्या शेतीच्या लाईटीचं वेळापत्रक पाळीप्रमाणे बदलतं, कधी दिवसा कधी रात्री, म्हणून जवळजवळ प्रत्येक स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू! तुम्ही पाण्यात उभे राहून केबल पुसताय, आणि लाईट येताना कुणाला विचारून येत नाही. म्हणून लाईट असो नसो, आधी ऑटो बंद करा, मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात घाला, आणि घरच्यांना सांगून मगच केबलला हात लावा.